गाडीचं टप गळतंय? लांबी भरून झाकू नका, आधी पाणी शिरतं कुठून ते शोधा

रोहिण्या लागल्या की शेतकरी घराची कौलं चाळतो, गोठ्याचा पत्रा बघतो, वैरणीवर ताडपत्री टाकतो. पण दारात उभ्या असलेल्या गाडीच्या टपाकडं कुणाचं लक्ष जात नाही. मृगाचा पहिला दणका बसतो, आणि मग आतल्या सीटवर, पोरांच्या दप्तरावर, नाहीतर वडापावच्या परातीत पाणी ठिबकायला लागतं. तेव्हा धावपळ होते. कुणी एम-सील थापतो, कुणी डांबर ओततो, कुणी गॅरेजला नेऊन लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारून आणतो. दोन महिने बरं जातं. पुढच्या वर्षी गळती तिथंच आणि भोक दुप्पट.

आपल्या जिल्ह्यात जुन्या बंद टपाच्या गाड्या अजून भरपूर आहेत. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढं तिलाच ओम्नी नाव पडलं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच. बजाज टेम्पोची मॅटाडोर त्याहून म्हातारी. ट्रॅक्स आहेत, जुने टेम्पो आहेत. कुणी त्यात शाळेची पोरं नेतं, कुणी आठवडी बाजाराला माल नेतं, कुणी फाट्यावर उभी करून नाष्ट्याचा गाडा चालवतं. नवी गाडी परवडत नाही म्हणून ही टिकवायची असते. इंजिनाचं काम आपण करतो, टायर बदलतो. पण बंद टपाची गाडी बहुतेक वेळा मरते ती टपापासून. पत्रा कुजला की खांब कुजतात, आणि खांब कुजले की चांगलं इंजिन असूनही गाडी भंगारात जाते.

म्हणून टप का गळतं, गळती शोधायची कशी आणि काम टिकाऊ करायचं कसं, हे आज सविस्तर बघू.

टप असतं कसं?

वरून आपल्याला एक सपाट पत्रा दिसतो. तो जाडीला जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, घराच्या वाशांसारख्या. त्या पट्ट्यांखाली आतून रेक्झिनचं किंवा फोमचं अस्तर. आणि दोन्ही बाजूंना, दारांच्या वर, लांबलचक पन्हळ. गॅरेजवाले तिला गटर म्हणतात.

या पन्हळीतच सगळी मेख आहे. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा हे दोन वेगळे तुकडे असतात. ते या पन्हळीत एकमेकांवर ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्डिंग केलेले असतात. दोन ठिपक्यांच्या मधली फट बुजवायला कंपनीतच रबरासारखा मसाला भरलेला असतो. त्याला सीलंट म्हणतात. हा मसाला जोवर मऊ आहे तोवर पाणी आत जात नाही. पंधरा-वीस उन्हाळे खाल्ले की तो वाळतो, तडकतो आणि सुटतो. मग पावसाचं पाणी त्या फटीत शिरतं आणि तिथंच मुक्काम करतं.

लोखंड गंजलं की ते फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळं फटीतला गंज दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलतो, फट वाढते, आणखी पाणी शिरतं, आणखी गंज चढतो. पन्हळीच्या रंगाखाली फोड दिसायला लागले तर समजायचं, आत हे काम केव्हाच सुरू झालंय.

ऊन आणि पाऊस, दोघंही शत्रू

माण-खटावकडच्या लोकांना वाटतं, आपल्याकडं पाऊसच किती, टप कशाला कुजतंय. पण मसाला फोडायचं काम ऊन करतं. वैशाखात दुपारी टपाला हात लावून बघा, चटका बसतो. पत्रा ६०-६५ अंशांपर्यंत सहज तापतो आणि पहाटे २०-२५ वर येतो. लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आकसतं. तीन मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकानं जवळपास दीड मिलिमीटर लांबतो. रोज दीड मिलिमीटर पुढं, रात्री तेवढंच मागं. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर ही हालचाल जवळजवळ दुप्पट.

आता यात एम-सील, सिमेंट किंवा लांबी भरली तर काय होईल? हे सगळे पदार्थ वाळले की दगड होतात. पत्रा हलतो, दगड हलत नाही. कडेला केसाएवढी भेग पडते आणि तेवढी भेग पाण्याला पुरते. डांबराचं उलटं. ते उन्हात पातळ होऊन ओघळतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. म्हणून टपाच्या सांध्यात जे भरायचं ते वाळल्यावरही रबरासारखं ताणलं गेलं पाहिजे.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं गोष्ट वेगळी. तिथं चार महिने गाडी वाळतच नाही. फटीत गेलेलं पाणी बाहेर पडायला ऊनच मिळत नाही, म्हणून गंज भराभर वाढतो. तिकडच्या गाडीवाल्यांनी वर्षातून दोनदा टप बघितलं पाहिजे, मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

गळतं एकीकडं, ठिबकतं दुसरीकडं

टपाच्या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी फसगत इथं होते. पाणी ड्रायव्हरच्या डोक्यावर पडतं म्हणून लोक ड्रायव्हरच्या वरचा पत्रा बुजवतात. पण पाणी शिरलेलं असतं मागच्या कॅरियरच्या बोल्टातून. ते आडव्या पट्टीवरून घरंगळत, अस्तराच्या पाठीमागून जिथं उतार मिळेल तिथं जातं. गाडी चढावर उभी असेल तर मागं ठिबकतं, उतारावर असेल तर पुढं. त्यामुळं थेंबाच्या जागेवर विश्वास ठेवू नका.

गळती शोधायची रीत अशी:

१. आतलं अस्तर काढा किंवा निदान कडेनं सोडवा. अस्तर असताना गळती सापडत नाही. काढतानाच त्याच्या पाठीवरचे तपकिरी डाग बघून ठेवा. पाण्याची वाट त्यावरच उमटलेली असते.

२. गाडी सपाट जागी उभी करा. एक माणूस टॉर्च आणि खडू घेऊन आत बसेल. दुसरा बाहेरून पाण्याची नळी धरेल. साधी धार पाहिजे, सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनचं पाणी मारू नका. त्या जोरानं पाणी एरवी जात नाही तिथंही घुसतं आणि खरी गळती कळत नाही.

३. खालून वर जा. आधी काचेचं रबर आणि दारांची रबरं. मग पन्हळ, एका बाजूची आधी, दुसरी नंतर. सगळ्यात शेवटी टपाचा मधला भाग. आधीच वर पाणी ओतलं तर ते सगळीकडून खाली येतं आणि चोर कोण ते समजत नाही.

४. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटं पाणी सोडा. घाई केली तर पाणी आतल्या पट्टीपर्यंत पोचायच्या आत तुम्ही पुढं गेलेले असता.

५. आतल्या माणसाला पाण्याची रेघ दिसली की ती वरच्या दिशेनं मागं मागं नेत जिथून निघते तिथं खडूनं खूण करायची.

नेहमीचे संशयित सांगून ठेवतो: पन्हळीचा सांधा, कॅरियरचे पाय, टपावर मारलेले स्क्रू, एरियलचं भोक, वरचा दिवा, समोरच्या काचेच्या रबराचे वरचे दोन कोपरे, आणि पोती लादून पत्र्याला पडलेला खड्डा. खड्ड्यात पाणी साचतं आणि साचलेलं पाणी वाट शोधतंच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पाऊस नसताना, थंडीच्या सकाळी टपाला आतून सगळीकडं बारीक थेंब दिसत असतील तर ती गळती नाही. आतली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी झालेलं असतं. चहा-नाष्ट्याच्या गाड्यांत हे हमखास होतं. त्यावर उपाय हवा खेळती ठेवणं हा आहे, सीलंट नव्हे.

गंज किती खोल गेलाय?

खूण केलेल्या जागेचा गंज तपासा. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली, वरवरचा गंज. बोट घासलं की लाल होतं, पण पत्रा कडक आहे. हे घरी करता येण्यासारखं काम.

दुसरी, फोड आणि पोपडे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बदबद वाजतो. टोकानं हलकं दाबल्यावर पत्रा आत गेला तर तिथं भोक आहेच, फक्त रंगानं झाकलेलं आहे.

तिसरी, आरपार भोकं.

गाडी जुनी घेतलेली असेल तर सोबत लोहचुंबक ठेवा. फडक्यात गुंडाळून टपावरून आणि खांबांवरून फिरवा. जिथं चुंबक चिकटत नाही किंवा एकदम हलका चिकटतो, तिथं जाड लांबी भरलेली आहे. म्हणजे कुणीतरी तुमच्या आधी झाकाझाक केलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टप हे नुसतं पावसापासून आडोसा नाही. गाडी पलटी झाली तर टप, त्याच्या आडव्या पट्ट्या आणि खांब यांच्यावरच आतली माणसं वाचतात. लांबी भरून रंगवलेलं कुजकं टप दिसायला नवंकोरं दिसतं, पण जोर आला की पापडासारखं मोडतं. त्यामुळं खांबाची मुळं आणि टपाची लांब कड कुजलेली असेल तर टपाचा वरचा पत्रा नीट करून उपयोग नाही. अशा गाडीत पोरं किंवा पॅसेंजर बसवू नका. जून महिन्यात शाळेसाठी जुनी व्हॅन घ्यायची गडबड असते. घेणाऱ्यांनी रंग बघू नये, चुंबक फिरवावा.

वरवरचा गंज: घरच्या घरी काम

अस्तर काढलेली गाडी दोन-तीन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात वाळवा. ओलीवर केलेलं कोणतंही काम टिकत नाही, कारण आत कोंडलेलं पाणी आतूनच पत्रा खातं.

पन्हळीतला जुना मसाला पातळ पटाशीनं किंवा जुन्या चाकूनं पूर्ण खरवडून काढा. डांबर, एम-सील काही असेल तर तेही. त्याचा एक कण राहिला तर नवा मसाला तिथं धरत नाही. मग तारेचा ब्रश, त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी १८० किंवा २२० नंबरचा. पांढरं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडकं पाहिजेच.

बारीक खड्ड्यांत जो गंज राहतो त्याला रस्ट कन्व्हर्टर लावतात. ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो. त्यात बहुधा फॉस्फरिक ॲसिड असतं. ते गंजाशी मिळून काळपट, पक्का थर तयार करतं. पण पोपड्यांवर ते चालत नाही, पोपडे आधी काढावेच लागतात. हातमोजे घाला आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा.

मग थिनरच्या फडक्यानं पुसून त्याच दिवशी प्रायमर. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर दवानं सकाळी परत लाल होतं. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आणि सगळीकडं मिळतो, पण टपाला इपॉक्सी प्रायमर जास्त चांगला, कारण तो पाणी जास्त अडवतो. आपल्याकडं एक गैरसमज आहे की रेड ऑक्साइड मारला म्हणजे काम झालं. तसं नाही. नुसता प्रायमर पाणी पितो. त्यावर रंग बसलाच पाहिजे.

प्रायमर वाळला की सीलंट, आणि सीलंटनंतर रंग. हा क्रम उलटा करू नका.

सीलंट कोणता आणि कसा?

हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी लगेच मिळते, म्हणून लोक तीच वापरतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून वाळताना ॲसिड सुटतं आणि ते उघड्या लोखंडाला गंज आणतं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि एकदा लावलं की पूर्ण निघता निघत नाही. गाडीच्या पत्र्याला पॉलियुरेथेनचा सीलंट घ्यावा. ऑटो पेंटच्या दुकानात पीयू सीलंट किंवा बॉडी सीलंट म्हणून मागा. तो वाळल्यावर रबरासारखा राहतो, पत्र्याबरोबर ताणतो आणि त्यावर रंग बसतो.

पन्हळीच्या तळाशी, सांध्यावर एकसारखी वळी सोडायची आणि पट्टीनं दाबून फटीत बसवायची. पन्हळ काठोकाठ भरू नका. पुष्कळ ठिकाणी असं केलेलं दिसतं. पन्हळ भरली की पाणी पुढं-मागं वाहून जायच्या ऐवजी सरळ दारावर सांडतं आणि दार उघडणाऱ्याच्या मानेवर पडतं. पन्हळीची दोन्ही टोकं मोकळी पाहिजेत.

हा सीलंट हवेतला ओलावा घेऊन वाळतो, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून सुकला तरी आतून कच्चा असतो. म्हणून एक-दोन दिवस गाडीला पाणी लागू देऊ नका.

रंगाचं काम सकाळी दव उडाल्यावर उरकायचं. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर रंग ओढताच वाळतो आणि फोड येतात. टपाला पांढरा रंग असेल तर पत्रा कमी तापतो आणि सांध्यांची ओढाताणही कमी होते. मात्र आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो. टपाचा रंग वेगळा करायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

भोक पडलं असेल तर

हे काम डेंटरचंच. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा. कुजक्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा बसवायचा आणि सीओटू वेल्डिंगनं ठिपके ठिपके मारत, मध्ये पत्रा निवू देत जोडायचा. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडनं इतका पातळ पत्रा जळतो नाहीतर वाकडा होतो. वेल्डिंगच्या खालच्या बाजूलाही प्रायमर लागला पाहिजे. तिथला रंग जळलेला असतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. डेंटरला हे आधीच सांगून ठेवा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. अस्तर, फोम, सीट बाहेर. नाष्ट्याच्या गाडीतला गॅस सिलिंडर लांब नेऊन ठेवा. गाडीला गॅस किट असेल तर ती वेल्डिंगवाल्याला न सांगता काम करू नका. ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. वाळूची बादली आणि पाणी जवळ पाहिजे. फोम पेटायला एक ठिणगी पुरते.

आडव्या पट्ट्यांपासून लांब, पत्र्याच्या मधोमध लहान भोक असेल तर वेल्डिंग न करताही तुकडा बसवता येतो. तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी २५-३० मिलिमीटर मोठा घ्यायचा, मध्ये पीयू सीलंट पसरायचा आणि रिबिट मारायचे. प्रत्येक रिबिट सीलंटमध्ये बुडवून मारायचा. पण लोखंडी टपावर ॲल्युमिनियमचा उघडा तुकडा ठेवू नका. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरी भुकटी पडते. खांब आणि टपाच्या कडेला मात्र रिबिटचं ठिगळ चालत नाही. तिथं वेल्डिंगच.

लाकडी सांगाड्याची टपं

काही जुन्या टेम्पोंना आणि गाड्यावर बांधलेल्या दुकानांना लाकडी सांगाडा आणि वरून पत्रा असतो. तिथं गंजाऐवजी लाकूड कुजतं. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो, आत लाकडाचा भुगा झालेला असतो. कडेची पट्टी उघडून लाकडात टोच्या घालून बघा. टोच्या लोण्यासारखा गेला तर तेवढं लाकूड बदलावंच लागतं.

इंग्लंडमधल्या जुन्या कॅराव्हॅनचं, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकावरच्या घरांचं, दुखणं हेच आहे. तिकडं हौसेसाठी अशी घरं बांधायची सुरुवात जुनी. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलमध्ये घोड्यांनी ओढायची ‘द वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली होती. नंतरच्या काळातल्या बऱ्याच कॅराव्हॅन लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनल्या. आज त्या नीट करणारे लोक वरून काही थापत नाहीत. कडेच्या पट्ट्या उघडतात, स्क्रूंची भोकं तपासतात, कुजलेलं लाकूड कापून नवं जोडतात, पट्टीखाली बुटाइलची चिकट मऊ पट्टी टाकतात आणि मगच बंद करतात. तिथली गाडी हौसेची, इथली पोटाची. पण आधी उघडून बघायचं आणि मग बंद करायचं, हा नियम दोन्हीकडं एकच.

आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या गावातल्या कुणी पोरानं जुनी गाडी घेऊन त्यात पडायं

ची-बसायची सोय करायचं मनात आणलं तर आधी पैसे टपावर घालावेत, पडद्यांवर नंतर.

टपाला भोक पाडायच्या आधी

नाष्ट्याच्या गाडीला धुरांडं किंवा पंखा बसवायला टप कापतात. कापलेली कड सपाट ठेवली तर पाणी आत येणारच. भोकाभोवती पत्र्याची बोटभर उंच कड उभी करा, विहिरीच्या कठड्यासारखी, आणि तिच्यावर बाहेर आलेली टोपी ठेवा. बोल्ट असेल तर त्याखाली सीलंट, मग रबरी वायसर, मग लोखंडी वायसर.

मात्र कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीत नोंदलेल्या गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. होतं तसं टप दुरुस्त करणं वेगळं आणि टपाची उंची वाढवणं, गाडीचं दुकान करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आरटीओची परवानगी घेऊनच कटर चालवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी परत करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. धंद्याची गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. तिथं अडकण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

गाडीत इन्व्हर्टर किंवा बाहेरून घेतलेली लाइट असेल तर गळतीला हलकं घेऊ नका. ओला पत्रा, ओली जमीन आणि सोललेली वायर म्हणजे जिवाशी खेळ. गळती बंद होईपर्यंत टपाखालून गेलेल्या वायरीतला करंट बंदच ठेवा.

वाचकांना नेहमी पडणारे प्रश्न

*पाऊस सुरू झाल्यावर गळती लागली तर?*
उघडीप बघून जागा पुसून, वाळवून बुटाइलची चिकट पट्टी लावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हा सीझन निघेल. दिवाळीनंतर ती काढून पक्कं काम करा, विसरू नका.

*ताडपत्री घातली तर?*
पावसात चालते. पण उन्हातही तशीच बांधून ठेवली तर खालची ओल कोंडते आणि ताडपत्री घासून रंग जातो. ऊन पडलं की काढा.

*कॅरियर ठेवायचं का काढायचं?*
पन्हळीत अडकवायच्या कॅरियरचे पाय रंग खरवडतात आणि गंज तिथूनच चढतो. पायाखाली रबराचा तुकडा टाका. वर्षातून एकदा कॅरियर उतरवून त्या जागा घासून रंगवा. पोती एका जागी न रचता पसरून ठेवा.

*अस्तर परत लावताना थर्माकोल, प्लाय टाकू का?*
पत्र्याला घट्ट चिकटवू नका. बोटभर फट सोडा, म्हणजे हवा खेळेल आणि कुठं ओल आली तर कळेल. अस्तर बसवायच्या आधी नळीनं पाणी मारून पुन्हा एकदा तपासा. हे केल्याशिवाय गॅरेजवाल्याचे पूर्ण पैसे देऊ नका.

*खर्च किती येईल?*
गाडी बघितल्याशिवाय कुणी खरा आकडा सांगू शकत नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा, पण विचारताना नुसतं “टप करायचंय” म्हणू नका. कुजलेला पत्रा कापणार का, खालून प्रायमर मारणार का, सीलंट कोणता, हे विचारा. ज्याचा दर कमी आहे तो यातलं काय गाळतोय ते तिथंच कळेल.

मृगाच्या आत एवढं तरी करा

मृग ७ जूनच्या आसपास निघतो. हातात दिवस थोडे आहेत. पूर्ण काम जमणार नसेल तर निदान पन्हळीतला पाला, माती, वाळलेला चिखल काढा. तो पाणी धरून ठेवतो आणि गंज तिथूनच चढतो. पन्हळीची टोकं मोकळी करा. नळीनं पाणी मारून गळती शोधा, खुणा करून ठेवा. खांबांवरून चुंबक फिरवा. आणि शाळेच्या व्हॅनमध्ये तुमचं पोर जात असेल तर व्हॅनवाल्याला एकदा विचारा, मामा, टपाला लांबी आहे का पत्रा? चांगला गाडीवाला रागावणार नाही, उलट स्वतःच दाखवेल.